मर्सीकाठची नावं

लिव्हरपूलच्या मध्यभागी ‘लिव्हरपूल वन’ नावाचा मोठा बाजार आहे. कपडे, बूट, घड्याळं, फुटबॉल संघांच्या जर्सी. त्याच्या फरसबंदीत एका ठिकाणी गोल काच बसवलेली आहे आणि लोक पिशव्या सांभाळत तिच्या बाजूने निघून जातात. भाची तिथे थांबली आणि म्हणाली, “मामा, खाली बघा.” वाकून पाहिलं तर खाली अंधारात विटांची एक ओली भिंत दिसली. जुन्या गोदीची भिंत.

दोन दिवसांनी संग्रहालयाच्या मार्गदर्शकाबरोबर जिना उतरून त्या भिंतीपर्यंत गेलो. वर गाड्या लावायचं तळघर, त्याच्याही खाली ही गोदी. १७१५ साली थॉमस स्टीअर्स या अभियंत्याने ती बांधली. मर्सी नदीत भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो. त्यामुळे आधी जहाजं पात्रात नांगरून माल होड्यांनी काठावर आणावा लागे, त्यात दिवसच्या दिवस जात. स्टीअर्सने नदीला मिळणाऱ्या खाडीच्या मुखाशी भिंती उभ्या केल्या आणि दरवाजे बसवले. भरतीच्या वेळी जहाजं आत घ्यायची, दरवाजे लावायचे, मग बाहेर ओहोटी लागली तरी आतलं पाणी हलायचं नाही. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. जगातली पहिली व्यापारी बंद गोदी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिथली खाडी म्हणजे ‘पूल’, शहराच्या नावातला. १८२६ मध्ये गोदी बुजवली, तिच्यावर जकातीची भव्य इमारत बांधली, ती दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात जळाली आणि पुढे पाडली गेली. २००१ मध्ये खोदकाम सुरू झालं तेव्हा भिंत पुन्हा उजेडात आली.

मी विटांवर हात ठेवला. गार होत्या, सांध्यांतला चुना अजून घट्ट होता. मला वाटत होतं, याच भिंतीशी साखळदंडातली माणसं उतरवली असतील. तसं क्वचितच झालं. काही आफ्रिकी माणसं या शहरातही आणली गेली, विकली गेली, वर्तमानपत्रांत त्यांच्या विक्रीच्या जाहिराती आल्या. पण लाखो माणसांनी लिव्हरपूल कधी पाहिलंच नाही. जहाज इथून कापड, तांब्या-पितळेची भांडी, बंदुका, दारू, मणी घेऊन निघायचं. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो माल देऊन माणसं घ्यायचं, अटलांटिक ओलांडून ती जमैका, बार्बाडोस, व्हर्जिनियात विकायचं, आणि साखर, रम, तंबाखू, कापूस भरून परत याच दरवाजातून आत यायचं. शहराच्या हाती लागायची ती साखर आणि हुंड्या. माणूस विकला गेल्याची खूण म्हणजे खातेवहीतली एक ओळ.

इथेच एक गोष्ट आपल्याकडची आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे व्यापारी कापडाचे चोखंदळ गिऱ्हाईक होते आणि त्यांना भारतीय सुती कापड हवं असे: गुजरातचं, कोरोमंडल किनाऱ्यावरचं, पट्ट्यांचं, चौकड्यांचं, निळीत रंगवलेलं. ईस्ट इंडिया कंपनी ते लंडनला आणून लिलावात काढी, तिथून ते लिव्हरपूलच्या जहाजांवर चढे. मालदीवच्या कवड्याही याच वाटेने पश्चिम आफ्रिकेत पोचत आणि तिथे नाणं म्हणून चालत. ज्याने माग चालवला त्या विणकराला आपलं कापड कशाच्या बदल्यात जातं हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरीही आपल्या हातचं कापड त्या व्यवहारात होतं, एवढं मला त्या तळघरात उभं असताना पहिल्यांदा उमगलं.

१६९९ च्या ऑक्टोबरात ‘लिव्हरपूल मर्चंट’ हे जहाज निघालं आणि पुढच्या वर्षी त्याने २२० आफ्रिकी माणसं बार्बाडोसला उतरवली. त्याच सुमारास निघालेल्या दुसऱ्या एका जहाजाचं नाव होतं ‘ब्लेसिंग’, म्हणजे आशीर्वाद. तिथपासून १८०७ पर्यंत लिव्हरपूलच्या जहाजांनी सुमारे १५ लाख माणसं अटलांटिकपार नेली. अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनच्या गुलाम व्यापाराचा बहुतांश भाग या एका बंदराच्या हातात होता. लंडन आणि ब्रिस्टल कधीच मागे पडले होते.

जहाजांची नावं मी वहीत टिपायला लागलो ती तिथून. मग शहरात फिरताना रस्त्यांची नावं टिपू लागलो. टार्लटन स्ट्रीट, अर्ल स्ट्रीट, कनलिफ स्ट्रीट, गिल्डार्ट स्ट्रीट, बोल्ड स्ट्रीट. ही सगळी गुलाम व्यापारात पैसा कमावलेल्या कुटुंबांची आडनावं आहेत. टार्लटन घराण्यातला बॅनॅस्टर टार्लटन शहराचा खासदार होता आणि पार्लमेंटात हा व्यापार टिकावा म्हणून भांडत असे. बोल्ड स्ट्रीट आज कॉफीच्या आणि खाण्याच्या दुकानांनी गजबजलेला आहे. तिथल्या एका भारतीय उपाहारगृहात आम्ही पाणीपुरी खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या मुलांना जोनस बोल्ड कोण होता हे माहीत नसणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पाटीवर फक्त नाव असतं. पेनी लेनचंही नाव जेम्स पेनी या गुलाम व्यापाऱ्यावरून पडलं असं कित्येक वर्षं सांगितलं जाई. २०२० मध्ये कुणी तिथल्या पाट्यांना काळं फासलं, तेव्हा इथल्या आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालयाने कागदपत्रं पुन्हा तपासली आणि तसा पुरावा नाही असं जाहीर केलं. आपल्याला सोयीची वाटणारी गोष्टही पुराव्याशिवाय सांगायची नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

टाउन हॉल १७५४ मध्ये पूर्ण झाला. कॅसल स्ट्रीटच्या टोकाला उभं राहून वर पाहिलं की खांबांच्या वर कोरीव पट्टी दिसते. तीत हत्ती, सिंह, मगर आणि आफ्रिकी माणसांची मुंडकी. शहर ज्या व्यापारावर मोठं झालं, त्याची ही दगडातली कबुली. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हाच्या नगरपित्यांना वाटत नव्हतं, कारण त्यांतले बहुतेक जण स्वतः त्या व्यापारात होते. तिथून वॉटर स्ट्रीटला वळलं की १९३२ मध्ये पूर्ण झालेली मार्टिन्स बँकेची इमारत लागते. तिच्या दाराशी समुद्रदेवाच्या रूपातलं लिव्हरपूल कोरलं आहे आणि त्याच्या हातांखाली दोन आफ्रिकी मुलं आहेत, पैशांच्या थैल्या घेतलेली. व्यापारावर बंदी येऊन सव्वाशे वर्षं झाल्यावर कोरलेलं हे शिल्प! या बँकेत विलीन झालेल्या जुन्या पेढ्यांपैकी एक हेवूड घराण्याची, १७७३ सालची, आणि हेवूड घराण्याचं भांडवल गुलाम व्यापारातलं. त्या दोन मुलांसमोर मी बराच वेळ उभा होतो. माणसं दारातून ये-जा करतात अशाच ठिकाणी ती आहेत, त्यांच्या चेहऱ्यांवरून नजर चुकवणं कठीण जातं.

विल्यम ग्रेगसन १७६२ मध्ये या शहराचा महापौर होता. त्याच्या भागीदारीतल्या जहाजांनी पन्नास हजारांहून जास्त माणसं नेली. १७८१ मध्ये त्याच्या गटाने एक डच जहाज घेतलं. त्याचं मूळ नाव ‘झोर्ग’, डच भाषेत त्याचा अर्थ काळजी. इंग्रजी कागदांत ते ‘झाँग’ झालं. ४४२ आफ्रिकी माणसं कोंबून ते जमैकाकडे निघालं. दिशा चुकली, आजार पसरला, पिण्याचं पाणी कमी आहे असं सांगण्यात आलं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस खलाशांनी सुमारे १३२ जिवंत माणसं टप्प्याटप्प्याने समुद्रात फेकली. पहिल्या दिवशी बायका आणि मुलं. परत आल्यावर ग्रेगसन आणि भागीदारांनी विम्याचा दावा लावला, डोई ३० पौंडांप्रमाणे. आजाराने माल मेला तर भरपाई नाही, जहाज वाचवायला माल फेकावा लागला तर आहे, असा तो नियम होता. १७८३ मध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. वरिष्ठ न्यायाधीश मॅन्सफिल्ड यांनी फेरसुनावणीला परवानगी दिली. खुनाचा खटला कुणावरही झाला नाही.

खटल्याच्या कागदांत कप्तानाचं नाव आहे, मालकांची आहेत, विमा उतरवणाऱ्यांची आहेत, न्यायाधीशांची आहेत. फेकलेल्या माणसांचं एकही नाव नाही.

आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय अल्बर्ट डॉकच्या गोदामात तिसऱ्या मजल्यावर आहे. २००७ च्या २३ ऑगस्टला ते उघडलं. तारीख विचारपूर्वक निवडलेली आहे: १७९१ मध्ये २२ ऑगस्टच्या रात्री, २३ उजाडता, सेंट डोमिंगच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांनी बंड पुकारलं, ज्यातून पुढे हैतीचा स्वतंत्र देश जन्मला. (२०२५ च्या सुरुवातीला संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद झालं. मी गेलो तो ऑगस्ट २०२३ चा.) तेव्हा इथली मांडणी जहाजापासून सुरू होत नव्हती, पश्चिम आफ्रिकेपासून होत होती. इग्बो लोकांच्या घराचं अंगण, कोरलेले दरवाजे, वाद्यं, विणकाम. माणूस आधी कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी बहीण, गावातला लोहार होता, हे आधी बघायचं आणि मगच पुढच्या दालनात जायचं. तिथले कर्मचारी ‘गुलाम’ हा शब्दही जपून वापरत, ‘गुलाम केलेली माणसं’ असं म्हणत. आधी मला ती शब्दांची काटेकोरी वाटली. बाहेर पडेपर्यंत मीही तसंच म्हणू लागलो होतो.

‘ब्रुक्स’ हे लिव्हरपूलचंच जहाज. १७८८ मध्ये त्याच्या तळघराचा आराखडा छापला गेला आणि ब्रिटनभर भिंतींवर लागला. आकृतीत माणसं एकमेकांना खेटून आडवी मांडलेली, कुशीवर वळायलाही जागा नाही. त्याच वर्षी आलेल्या कायद्याने या जहाजावर ४५४ माणसं नेता येत होती. त्याआधी त्याने सहाशेच्या वर नेली होती. कापसाच्या गाठी ट्रकमध्ये कशा रचतात हे मी लहानपणापासून बघितलं आहे. जागा वाया जाऊ नये म्हणून हमाल कोपरा न् कोपरा भरतात. त्या आराखड्यासमोर मला आमच्या गावच्या जिनिंगचं आवार आठवलं आणि मी पुढे सरकलो.

बंदीच्या बाजूने पुरावे गोळा करायला थॉमस क्लार्कसन १७८७ मध्ये या शहरात आला होता. एका दुकानाच्या खिडकीत त्याला बेड्या, अंगठे पिळायचा चाप आणि एक कात्रीसारखं लोखंडी अवजार दिसलं. अन्न नाकारणाऱ्या माणसाचे दात उचकटून घास कोंबायला ते वापरत. त्याने ती अवजारं विकत घेतली. ती उघड्यावर विकायला ठेवलेली होती, शेतीची अवजारं ठेवावीत तशी. पुढे काही जणांनी त्याला धक्क्यावरून पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला, तो कसाबसा निसटला.

संग्रहालयातल्या अंधाऱ्या गोल खोलीत समुद्रप्रवासाचा चित्रपट चालत होता. मी पूर्ण पाहू शकलो नाही. बाहेर हैतीच्या कलाकारांनी भंगार लोखंडातून, मोटारीच्या सुट्या भागांतून बनवलेलं ‘फ्रीडम’ नावाचं शिल्प होतं. त्याच्यापाशी बाकावर बसून राहिलो. भाचीने पाण्याची बाटली पुढे केली आणि काही बोलली नाही.

२३ ऑगस्टला दरवर्षी शहरातून स्मरणयात्रा निघते. १९९९ पासून हा दिवस इथे पाळतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नगरपालिकेने या व्यापारातल्या आपल्या सहभागाबद्दल औपचारिक माफी मागितली. मी गेलो तेव्हा यात्रेत ढोल वाजत होते, पावसाची भुरभुर होती, म्हाताऱ्या बायका, शाळकरी पोरं, पोटावर बाळ बांधलेले बाप असे सगळे चालत होते. नदीकाठी पोचल्यावर पूर्वजांना पाणी दिलं गेलं. आफ्रिकी प्रथेतलं ते पाणी देणं पाहताना मला पूर्णेच्या काठी तर्पण करणारे वडील दिसले. तर्पणात नाव लागतं, गोत्र लागतं. पण ज्यांचं नाव-गोत्र कुणाला माहीत नाही, ज्यांच्या मागे कुणीच उरलं नाही, त्यांच्यासाठीही आपल्याकडे एक ओंजळ आहे. वडील ती कधी चुकवत नसत. मी मर्सीच्या कठड्यापाशी गेलो, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि खाली सोडलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

नावं नाहीत असं वर म्हटलं. एक मात्र मला सापडलं आणि ते देणारा माणूस याच शहरातला. एडवर्ड रश्टन. कोवळ्या वयात जहाजावर कामाला लागलेला हा पोरगा क्वामिना नावाच्या आफ्रिकी तरुणाचा मित्र झाला आणि त्याला वाचायला शिकवलं. एकदा त्यांची होडी उलटली. क्वामिनाला तरंगतं पिंप सापडलं होतं, ते त्याने थकलेल्या रश्टनकडे ढकललं आणि स्वतः बुडाला. पुढे गुलाम नेणाऱ्या एका जहाजावर डोळ्यांची साथ पसरली. तळघरातल्या आजारी माणसांना अन्न-पाणी द्यायला रश्टन खाली जाई. त्यात त्यालाही संसर्ग झाला आणि ऐन तारुण्यात दृष्टी गेली. आंधळा होऊन तो लिव्हरपूलला परतला, गुलामगिरीविरुद्ध कविता लिहू लागला, पुस्तकांचं दुकान चालवलं, आणि १७९१ मध्ये या शहरात अंधांची शाळा निघाली ती त्याच्या पुढाकारातून. स्वातंत्र्याचा सेनानी म्हणून जग ज्याला मानत होतं त्या जॉर्ज वॉशिंग्टनला त्याने पत्र लिहून विचारलं, की तुम्ही स्वतः गुलाम कसे ठेवता? वॉशिंग्टनने पत्र उत्तराविना परत पाठवलं. १८०७ मध्ये मँचेस्टरच्या एका शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया केली आणि तीसेक वर्षांनी रश्टनला पुन्हा दिसू लागलं. पार्लमेंटने गुलाम व्यापारावर बंदी घातली तेही १८०७ सालीच.

त्या बंदीच्या बाजूने मत देणारा लिव्हरपूलचा खासदार विल्यम रॉस्को. बागाईतदाराचा मुलगा, वकील, कवी, वनस्पतींचा अभ्यासक. मत देऊन तो शहरात परतला तेव्हा कॅसल स्ट्रीटवर खलाशांच्या जमावाने त्याच्यावर हल्ला केला, आणि त्याने पुन्हा निवडणूक लढवण्याचा नाद सोडला. त्याच जुलैत ‘किटीज अमेलिया’ हे जहाज लिव्हरपूलहून आफ्रिकेकडे निघालं, परवाना बंदीपूर्वीचा होता म्हणून. ब्रिटनची ती शेवटची कायदेशीर फेरी.

गुलाम व्यापार संपला, गुलामगिरी नाही. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, ती मालकांना. रॉडनी स्ट्रीटवर ६२ क्रमांकाच्या घरात पुढे चार वेळा पंतप्रधान झालेला विल्यम ग्लॅडस्टन जन्मला. त्याचे वडील जॉन यांना २,५०८ माणसांपोटी १,०६,७६९ पौंड मिळाले. मुलाने पार्लमेंटातलं पहिलं भाषण वडिलांच्या मळ्याची बाजू मांडण्यासाठी केलं. गुलाम गेल्यावर मळ्यांवर राबायला माणसं हवीत म्हणून याच जॉन ग्लॅडस्टनने भारतातून मजूर मागवले, आणि १८३८ मध्ये कलकत्त्याहून ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजं गिरमिटियांची पहिली तुकडी घेऊन ब्रिटिश गयानाला गेली. आपल्या कोकणातली माणसं मॉरिशसला गेली तीही याच करारपद्धतीने. गिरमिट आणि गुलामगिरी एकच असं मी म्हणणार नाही. करार होता, मुदत होती, मूल जन्मतः कुणाच्या मालकीचं होत नव्हतं. पण मागणी करणारा तोच होता. लिव्हरपूल विद्यापीठाच्या वसतिगृहाला ग्लॅडस्टनचं नाव होतं. विद्यार्थ्यांनी ते बदलायला लावलं आणि २०२१ मध्ये तिथे डोरथी कुया यांचं नाव लागलं. वंशभेदाविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या त्या याच शहरातल्या.

माझ्या प्रवासातला सगळ्यात अवघड दिवस वाचनालयातला होता.

विल्यम ब्राऊन स्ट्रीटवर मध्यवर्ती वाचनालय आहे. आत पिक्टन यांच्या नावाची गोल वाचनखोली, वर घुमट, भिंतीभर पुस्तकं आणि तळाशी दिव्यांची टेबलं. इतकी सुंदर खोली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. जुनी वर्तमानपत्रं पडद्यावर बघता येतील का, असं विचारलं तर कर्मचाऱ्याने प्रेमाने सगळं जमवून दिलं. मला १८६० नंतरचे कापसाचे भाव बघायचे होते. माझं घर कापसाचं आहे. दर्यापूर तालुक्यातली काळी जमीन, आजोबांपासूनची पऱ्हाटी, दिवाळीच्या आगेमागे वेचणीची घाई, सरकीचा वास. भावाच्या तक्त्यावरून बोट फिरवत खाली आलो. ‘सूरत’ असं मथळ्यात, म्हणजे मुंबई बंदरातून येणारा सगळा कापूस. त्याखाली भडोच, धोलेरा, आणि मग उमरावती.

उमरावती. आमची अमरावती. पुढे लिव्हरपूलच्या दलालांनी तिचं ‘ऊमरा’ केलं आणि वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात त्याच नावाने ओळखला गेला. माझ्या अंगावर काटा आला. पहिल्यांदा अभिमानाचाच, खोटं कशाला सांगू.

मग तारखा पाहिल्या. १८६१ पूर्वी लिव्हरपूलला येणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांचा, गुलाम केलेल्या माणसांनी पिकवलेला. गुलाम व्यापार सोडून अर्धशतक झालं तरी हे बंदर त्यांच्याच श्रमावर जगत होतं, फक्त माल बदलला होता. १८६१ मध्ये यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा लिव्हरपूलने मुंबईकडे तोंड वळवलं. आमच्या आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या कापसाला गिरणीकामगार शिव्या देत, धागा सारखा तुटायचा, तरी भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत सोन्याचा पूर आला, कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवायच्या शेअरवर माणसं वेडी झाली. प्रेमचंद रायचंद यांचं नाव तेव्हाचं. १८६५ च्या वसंतात दक्षिणेने शस्त्रं खाली ठेवली, भाव कोसळले आणि त्या बुडण्यात डॉ. भाऊ दाजी लाडांसारखा विद्वानही कंगाल झाला. वऱ्हाडात रेल्वे पोचली, खामगावची बाजारपेठ वाढली, शिवारात ज्वारी मागे सरून पऱ्हाटी पुढे आली. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्या शिवाराने काय भोगलं ते आमच्या घरात आजी सांगायची.

म्हणजे उमरावतीचं नाव या तक्त्यात चढलं ते मिसिसिपीच्या मळ्यांवरचा कापूस बंद पडला म्हणून. लिव्हरपूलची त्या काळातली सहानुभूती बहुतांशी दक्षिणेकडे, गुलामांच्या मालकांकडे होती. नदीपलीकडे बर्कनहेडच्या कारखान्यात दक्षिणेचं ‘अलाबामा’ हे लढाऊ जहाज बांधलं गेलं. वाचनालयासमोरच्या सेंट जॉर्ज हॉलमध्ये १८६४ च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या कैद्यांसाठी निधी उभारायला मोठा बाजार भरला. आणि उपाशी असूनही मँचेस्टरचे कामगार १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनच्या पाठीशी उभे राहिले, हेही खरं आहे. अंतर पन्नास किलोमीटर.

संध्याकाळी बाहेर पडताना रस्त्याच्या नावाकडे लक्ष गेलं. विल्यम ब्राऊन हे आयर्लंडहून अमेरिकेत आणि तिथून इथे आलेले व्यापारी. गुलामांनी पिकवलेल्या अमेरिकन कापसाच्या उलाढालीतून त्यांनी संपत्ती मिळवली आणि तिच्यातून हे वाचनालय आणि संग्रहालय बांधून दिलं, १८६० मध्ये ते उघडलं. एरिक लिंच नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ कित्येक वर्षं लोकांना घेऊन शहरातल्या या खुणा दाखवत चालायचे. ते २०२१ मध्ये गेले. त्यांच्या नावाने नगरपालिकेने रस्त्यांवर खुलासेवजा फलक लावायला घेतले, त्यांतला पहिला २०२२ मध्ये याच रस्त्यावर लागला. रस्त्याचं नाव तसंच ठेवलं आहे, खाली माणूस कोण होता ते लिहिलं आहे. मला हा मार्ग पटला. नाव पुसलं की प्रश्नही पुसला जातो.

पायरीवर बसलो तेव्हा जोतीराव फुले आठवले. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याच्या गौरवार्थ. मुंबई त्या युद्धातून कापसाचा पैसा मोजून मोकळी झाली होती. पुण्यातल्या या माणसाने त्यातून आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची आशा घेतली. शाळेत आम्हाला पुस्तकाचं नाव आणि साल पाठ करायला लावलं, अर्पणपत्रिका कुणी दाखवली नाही. प्रत्येक मराठी शाळेत ती वाचून दाखवली पाहिजे, असं माझं मत आहे.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीला ड्युटी होती, म्हणून एकटाच अल्बर्ट डॉकवरून दक्षिणेला क्वीन्स डॉककडे चालत गेलो. आता तिथे इमारती आहेत, पाणी शांत असतं. तिथे एक फलक आहे, चार्ल्स वूटनचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमारात काम केलेला चोवीस वर्षांचा कृष्णवर्णीय खलाशी. १९१९ च्या ५ जूनला गोऱ्यांच्या मोठ्या जमावाने त्याचा पाठलाग केला आणि त्याला या गोदीपर्यंत आणलं. तो पाण्यात पडला, जमावाने दगड मारले, तो बुडाला. पोलीस हजर होते. काही कागदांत त्याचं आडनाव वूटन आहे, काहींत वॉटन.

माझ्या वहीत या प्रवासातलं ते शेवटचं नाव. लिव्हरपूलला गेलात तर बीटल्सचं संग्रहालय बघा, फुटबॉलचं मैदान बघा, पण क्वीन्स डॉकपर्यंतही जा. अल्बर्ट डॉकपासून पंधरा मिनिटांच्या आत चालत पोचता येतं. त्याच्या मृत्यूबद्दल कुणालाही अटक झाली नाही.